आधी आडवं, मग कडेवर: अकिमेल ओ'ओधम आयांची रीत आणि आपलं सुती पातळ

फिनिक्सच्या दक्षिणेला चँडलर नावाचं शहर आहे. संगणकाच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यांमुळे इथे मराठी घरंही बरीच आहेत, त्यातलं एक आमचं. शहराची हद्द संपते तिथेच हीला नदीच्या लोकांची जमीन सुरू होते. नकाशावर तिला 'गिला रिव्हर इंडियन कम्युनिटी' म्हणतात, पण नदीचं नाव स्पॅनिश, म्हणून उच्चार 'हीला'. जग या लोकांना 'पिमा' म्हणतं. ते नाव स्पॅनिश लोकांनी पाडलं. 'मला माहीत नाही' अशा अर्थाचे त्यांच्या भाषेतले शब्द ऐकून पाडलं, असं सांगतात. ते स्वतःला अकिमेल ओ'ओधम म्हणवतात, म्हणजे नदीची माणसं. त्यांचे भाऊबंद तोहोनो ओ'ओधम, म्हणजे वाळवंटातली माणसं, दक्षिणेला राहतात.

माझी मुलगी पाच महिन्यांची झाली तेव्हा माझा उजवा हात दिवसभर तिच्यात अडकलेला असे. खाली ठेवलं की रडायची, उचललं की गप्प. घरात महागडी कॅरियर-बॅग होती, पण तिचे पट्टे लावेपर्यंत दोघी घामाघूम व्हायचो. त्याच सुमारास इथल्या जुन्या नोंदी वाचताना कळलं की नदीकाठच्या या आयांनी बाळ वाहण्याचे दोन टप्पे ठरवून ठेवले होते. मान धरेपर्यंत बाळ पाळण्याच्या चौकटीत आडवं. बसतं झालं की आईच्या कमरेवर, एक पाय पुढे आणि एक मागे. म्हणजे आपण म्हणतो तसं कडेवर. ते वाचताना मला नागपूरच्या घरातला ओटा आठवला आणि कडेवर मूल घेऊन भाजी निवडणारी आजी. त्यानंतर मी जे शिकले, आईकडून, इथल्या डॉक्टरांकडून आणि चुका करून, ते क्रमाने सांगते. पहिला टप्पा समजून घ्यायचा आहे, घरी करायचा नाही. दुसरा टप्पा घरी करण्याजोगा आहे, आणि त्याला आपलं जुनं सुती पातळ पुरतं.

चौकट: काय होती आणि का होती

फ्रँक रसेल नावाच्या संशोधकाने १९०१-०२ मध्ये याच लोकांच्या जमिनीवरच्या सॅकटन भागात राहून या लोकांच्या रोजच्या वस्तूंच्या बारकाईने नोंदी केल्या. त्यात बाळाची चौकट आहे. विलोची, म्हणजे नदीकाठी वाढणाऱ्या वाळुंजाच्या जातीच्या झाडाची, एक लांब फांदी धनुष्यासारखी वाकवायची आणि तिच्यावर आडव्या काड्या बांधून शिडीसारखा सांगाडा करायचा. त्यावर विलोचीच साल कुटून, पिंजून केलेली जाड मऊ गादी. डोक्याच्या बाजूला सालीच्या पट्ट्यांची, चौकड्यांच्या विणीची कमान, ऊन आणि माश्या अडवायला. आपल्याकडे बाळाला कुंची घालतात. इथे कुंची बाळाला नव्हती, अंथरुणाला होती.

या सगळ्यात मला सर्वात शहाणपणाची वाटते ती गादी. विलोची साल ओली असताना फांदीवरून लांबच लांब पट्ट्यांत सुटते. वाळवून चोळली की तिचे धागे मोकळे होतात आणि हाताला काथ्यापेक्षा कितीतरी मऊ लागतात. ओल शोषतात, आणि खराब झाले की टाकून नवे घालता येतात. लंगोट, गादी आणि दुपटं अशी तिन्ही कामं एकाच झाडाकडून होत.

बाळ कापडाच्या पट्ट्यांनी या चौकटीत बांधलेलं असे. आई शेतात मका, घेवडा, भोपळा, कापूस बघत असताना चौकट सावलीत ठेवता येई. इथल्या घरांपुढे चार खांबांवर काड्यांचं छत घालून केलेला मांडव असतो. चारही बाजू उघड्या, त्यामुळे वारा खेळतो. जून-जुलैमध्ये इथलं तापमान ४३ अंशांच्या पुढे जातं, हे ध्यानात घेतलं की त्या मांडवाचं मोल कळतं. तान्ह्या बाळाला अंगाला चिकटवून उन्हात फिरवण्यापेक्षा सावलीत सपाट निजवणं केव्हाही बरं.

मग ही चौकट आपण घरी का करायची नाही? त्याचं एक कारण पायांचं आहे. बाळाचे पाय सरळ ताणून, एकमेकांना जोडून बांधले तर मांडीच्या हाडाचा गोळा खुब्याच्या वाटीत नीट बसत नाही. पहिल्या काही महिन्यांत ही वाटी अजून कूर्चेची, घडत असलेली असते. ईशान्येकडच्या नवाहो लोकांमध्ये चौकटीत बांधण्याची पद्धत फार प्रचलित होती, आणि तिथे १९५०-६०च्या दशकांत डॉक्टरांनी केलेल्या पाहण्यांत खुबा निखळण्याचं प्रमाण जास्त आढळलं. जपानमध्ये १९७५च्या सुमारास पाय सरळ बांधू नका अशी देशभर मोहीम झाली आणि हा दोष झपाट्याने कमी झाला. आपल्याकडेही बाळाला दुपट्यात 'छान घट्ट' गुंडाळायची सवय आहे. हात गुंडाळा, पण पाय बेडकासारखे दुमडून हलवता येतील इतकी खाली ढिलाई ठेवा. बाळ पालथं पडायला लागलं की गुंडाळणं बंद. झोपवायचं ते उताणं, सपाट आणि घट्ट गादीवर.

दुसरं कारण असं की ही चौकट त्यांची आहे, आणि ती करण्यामागे झाड कधी तोडायचं, साल कशी काढायची याची पिढ्यांची जाण आहे. त्या जाणिवेवर मोठा घाला पडला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत वरच्या अंगाला आलेल्या वसाहतवाल्यांनी हीलाचं पाणी कालव्यांनी वळवलं. नदी कोरडी पडली, शेतं करपली, दुष्काळ आला, आणि काठचे विलो, कॉटनवुड आणि पाणकणीस मेले. बाळाची गादी ज्या झाडाची, ते झाडच गेलं. २००४ मध्ये अमेरिकेच्या संसदेने ॲरिझोनातल्या पाण्याच्या हक्कांचा कायदा केला तेव्हा या समाजाला पाण्याचा मोठा वाटा परत मिळाला. त्यानंतर त्यांनी नदीच्या पात्रात पाणी सोडून जमिनीत मुरवायला सुरुवात केली, आणि काही भागात पुन्हा विलो आणि पाणकणीस उगवले. टोपल्या विणणाऱ्या बायका पुन्हा नदीवर साहित्य गोळा करायला जाऊ लागल्या. हे वाचलं त्या दिवशी मला फार बरं वाटलं. जुन्या वस्तू पाहायच्या असतील तर चँडलरजवळच्या त्यांच्या हुहुगम हेरिटेज सेंटरमध्ये जावं, जायच्या आधी वेळ विचारून घ्यावी, आणि तिथलं कोणी काही सांगत असेल तर ऐकावं.

कडेवर कधी घ्यायचं

आता दुसरा टप्पा. घाई इथेच होते, म्हणून आधी हे.

बाळाने मान पक्की धरलेली हवी. पालथं निजवल्यावर छाती उचलून इकडेतिकडे पाहत असेल, आणि मांडीवर बसवल्यावर कमरेला थोडा आधार दिला की ताठ बसत असेल, तर वेळ झाली. बहुतेक बाळांचं हे चार ते सहा महिन्यांत होतं. दिवस पूर्ण होण्याआधी जन्मलेलं, वजनाने कमी, श्वासाचा त्रास असलेलं, किंवा खुब्यावर उपचार चालू असलेलं बाळ असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. आईचं सिझेरियन झालं असेल तर तिनेही विचारावं, कारण गाठ खांद्यावर असली तरी बाळाची टाच नेमकी पोटावर लागते.

चार महिन्यांच्या आतल्या बाळाला झोळीसारख्या कापडात घालण्याबद्दल अमेरिकेच्या ग्राहक-सुरक्षा आयोगाने मार्च २०१० मध्ये जाहीर इशारा दिला होता. त्यात सांगितलेले दोन धोके प्रत्येक आईला पाठ असावेत. एक, कापड नाकातोंडावर दाबलं गेलं तर मिनिटा-दोन मिनिटांत श्वास कोंडतो. दोन, बाळ कापडात गोल मुटकुळं होऊन हनुवटी छातीला टेकली तर श्वासाची नळी चेपते, आणि अशा बाळाला रडताही येत नाही, त्यामुळे कळत नाही. कडेवरची पद्धत या दोन्हींपासून दूर आहे, कारण तिच्यात बाळ उभं असतं आणि तोंड मोकळं असतं. पण मान धरली नसेल तर ते उभेपण टिकत नाही.

कापड

सहावारी पातळ साधारण साडेपाच मीटर लांब आणि सव्वा मीटरच्या आत-बाहेर रुंद असतं. मधोमध कापलं की पावणेतीन मीटरचे दोन तुकडे होतात. कडेवर घ्यायला एक पुरतो, अंगाने भरलेल्या बाईला तीन मीटर घ्यावं. आजीचं नऊवारी असेल तर दोन पुरेपूर तुकडे निघतात आणि वर दुपटीही होतात.

सुतीच घ्या. खादी, हातमाग, इरकली, जे हाताला किंचित भरीव लागेल ते. पॉलिस्टर आणि सिल्कवर गाठ सरकते, आणि इथल्या उन्हात तर दोघांच्या मधे वाफ धरते. मलमल एकेरी पुरत नाही. जरीचे काठ, टिकल्या, भरतकाम असलेलं नको, बाळ ते चोखतं आणि काठ मांडीला कापतो. टी-शर्टचं ताणलं जाणारं कापडही नको. दुकानात 'पिमा कॉटन' लिहिलेले मऊ टी-शर्ट मिळतात. ही लांब धाग्याच्या कापसाची जात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सॅकटनच्या सरकारी शेतावर तयार झाली आणि तिथे राबलेल्या पिमा शेतकऱ्यांवरून तिला नाव मिळालं. कापूस उत्तम आहे, पण विणलेला टी-शर्ट वजनाने खाली उतरत जातो. आपल्याला मागावरचं, न ताणणारं कापड हवं.

जुनं पातळ मऊ असतं, पण विरलेलं नसावं. खिडकीसमोर धरून वीत-वीत पुढे सरकवत पाहा. जिथे उजेड जाळीसारखा येतो तिथे ते विरलं आहे. मग दोन्ही हातांत धरून झटका द्या. कुठे 'चर्र' ऐकू आलं तर त्याचं पायपुसणं करा. शेवटी गाठ मारून त्यात बाळाच्या दुप्पट वजनाची तांदळाची पिशवी ठेवा आणि खांद्यावर घेऊन दहा मिनिटं घरात फिरा. माझ्या पहिल्या तुकड्याची गाठ याच परीक्षेत सुटली आणि तांदूळ स्वयंपाकघरभर सांडले. ते पातळ चांगलं होतं, गाठ चुकीची होती.

गाठ

ही सरळ गाठ. डावा पदर उजव्यावरून घेऊन एक वेढा. मग तोच पदर, जो आता उजवीकडे आला आहे, पुन्हा वरूनच घेऊन डावीकडे दुसरा वेढा. नीट बसली तर दोन्ही पदर आपापल्या बाजूला आडवे, दोरीला समांतर पडतात. दोन्ही वेढे एकाच दिशेने घातले तर पदर वर-खाली, काटकोनात उभे राहतात. ती आडगाठ, आणि तीच ओझ्याखाली सरकते. पदर उभे दिसले की सोडा आणि पुन्हा बांधा. बरोबर बसली की वर आणखी एक वेढा घाला, आणि दोन्ही बाजूंना निदान वीतभर पदर शिल्लक ठेवा.

बांधायचं कसं

पहिले चार-पाच वेळा दुसरं माणूस जवळ हवं. आणि पलंगाच्या काठाशी उभं राहा.

बाळ डाव्या कडेवर घ्यायचं असेल तर गाठ उजव्या खांद्यावर येते. उजवखोऱ्या बाईला हेच सोयीचं, उजवा हात मोकळा राहतो. कापडाचा मध्य डाव्या कमरेवर धरा. एक टोक पाठीवरून आणि दुसरं छातीवरून उजव्या खांद्याकडे न्या. गळ्याच्या हाडाच्या जरा खाली, पुढच्या अंगाला गाठ मारा. गाठ हाडावर आली तर अर्ध्या तासात खांदा ठणकतो. कापडाची खोळ आता बेंबीच्या जरा वर यायला हवी. फार वर वाटली तरी चालेल, बाळाच्या वजनाने ती चार बोटं खाली येतेच. नवशिकी बाई नेहमी ढिलं बांधते. मीही तेच केलं होतं.

बाळाला ढेकर काढताना धरतो तसं डाव्या खांद्यावर उंच धरा. मोकळा हात खोळीत खालून घाला, बाळाची पावलं शोधा आणि कापड व आपलं अंग यांच्या मधून हळूच खाली ओढून घ्या. बाळ सरकत कमरेच्या हाडाच्या जरा पुढे बसतं. एक पाय तुमच्या पोटाकडे, दुसरा पाठीकडे.

आता बैठक, आणि सगळं यावरच आहे. कापडाची खालची कड बाळाच्या ढुंगणाखालून घेऊन एका गुडघ्याच्या मागच्या खळीपासून दुसऱ्या गुडघ्याच्या खळीपर्यंत पसरा. थोडं कापड बाळ आणि तुमच्या अंगाच्या मधे वर खोचा, म्हणजे खोळीला खोलगट तळ येतो आणि बाळ मागे कलंडलं तरी घसरत नाही. गुडघे ढुंगणापेक्षा वर आले पाहिजेत. समोरून पाहिलं तर पायांचा आकार कुशीत बसलेल्या बेडकाच्या पिल्लासारखा दिसतो. खुब्याचा गोळा वाटीत सर्वात छान बसतो तो याच बैठकीत. वरची कड बाळाच्या काखेपर्यंत घ्या. हात बाहेर ठेवायला त्याला आवडतं. झोप आली तर कड मानेच्या मागे वर ओढायची, डोक्यावरून कधीच नाही.

शेवटी सैल पडलेलं कापड चाचपा. बाळाच्या पाठीवर तळवा दाबला तर ते तुमच्यापासून दूर जायला नको. जात असेल तर दुसऱ्या माणसाने बाळ पेलून धरावं आणि तुम्ही गाठ सोडून पुन्हा घट्ट बांधावी. मग खांद्यावरचं कापड मानेच्या मुळापासून दंडापर्यंत पसरा. चुरगळून दोरी झालं तर ओझं एकाच जागी येतं.

हात सोडण्याआधी बघायचं ते एवढंच. मान वाकवली की बाळाच्या टाळूचा पापा घेता येतो का? चेहरा न शोधता दिसतो का? हनुवटीखाली तुमची दोन बोटं जातात का? पाय गुलाबी आणि उबदार आहेत का? यातलं एकही चुकलं तर बाळ बाहेर काढून पुन्हा बांधा. ओढूनताणून दुरुस्त करू नका.

कामं आणि ऊन

पहिल्या दिवशी पंधरा मिनिटं पुरे. मग वाढवत जा, आणि दर अर्ध्या तासाने कडेची बाजू बदला. नुसत्या हातावर कडेवर घेताना आपण कंबर बाहेर काढून उभ्या राहतो, पाठदुखी तिथूनच सुरू होते. कापड बांधलं की कंबर सरळ ठेवता येते, पण जुनी सवय जाईपर्यंत आरशात पाहावं लागतं. वाकायचं झालं तर गुडघ्यांत वाका आणि एक हात बाळाच्या पाठीवर असू द्या.

भाजी निवडणं, कपडे वाळत घालणं, चालणं, वाचणं, हे सगळं होतं. गॅसपुढे उभं राहणं, फोडणी, चहा ओतणं, सुरी, जिन्यावर ओझं, सायकल, हे नाही. गाडीत तर कधीच नाही, तिथे त्याची सीटच. अंगावर पाजलं तर पाजून झाल्यावर बाळाला पुन्हा वर, उभं बसवा. आणि झोप लागलीच तर काम आटोपून घेण्याचा मोह न धरता पाळण्यात उताणं निजवा.

इथल्या मराठी मैत्रिणींना एक खास सांगते. दोन अंगं चिकटली की उष्णता वाढते, आणि बाळाला घाम कमी येतो. बाळाला कापडात घेतलं असेल तेव्हा एकच पातळ झबलं घाला, कापड हाच दुसरा थर. मे ते सप्टेंबर मी सकाळी सातच्या आत किंवा घरातच बांधायचे. मान, पाठ हाताला तापलेली लागली, चेहरा लाल झाला, किंवा बाळ नेहमीपेक्षा मलूल झालं, तर ताबडतोब बाहेर, सावलीत, आणि पाजा. नदीकाठच्या आया दुपारी मांडवाखाली राहत, ते यासाठीच.

कापडाची निगा

गाठ रात्री सोडून ठेवा. तशीच ठेवली तर तिथला धागा लवकर मरतो, आणि सकाळी घाईत ती न तपासता खांद्यावर चढवली जाते. साध्या साबणाने धुवा, मऊपणाचं औषध घालू नका, त्याने गाठ सरकते. दर आठवड्याला उजेडासमोर धरून पाहायचं, पहिल्या दिवशी पाहिलं तसं. गाठ जिथे बसते ती जागा आणि ढुंगणाखालची कड सर्वात आधी विरते. माझी मुलगी आता अकरा किलोची आहे आणि स्वतःच 'खाली' म्हणते, तरी रात्री दात दुखले की पातळाचा तो तुकडा ओढत माझ्याकडे आणते. परवा उजेडासमोर धरलं तर कडेला बोटभर जाळी दिसली. मी दुसरा अर्धा तुकडा काढून ठेवला आहे.